शेरा

पहाटे साडेतीन, मुंबई नाका, तिसरा मजला.
मी सतरा वर्षांची पोरं बघते.
पगार मिळतो त्याचा.
बर्फावर घसरणारी, गालांवर पुटकुळ्या असलेली पोरं,
ज्यांच्या गावांची नावं मला वाचता येतात, बोलता येत नाहीत.

थांबव, मागे घे, पुन्हा चालव.
चकती कुणी घेतली, कुणी घालवली,
कठड्यावर आदळल्यावर आधी कोण उठलं,
प्रत्येक गोष्टीला कीबोर्डवर एक कळ आहे.
तिकडचे निवड करणारे
आमचे आकडे कॉफीबरोबर घेतात.

आईने विचारलं, रात्रभर नक्की काय करतेस?
म्हटलं, जूनमध्ये तिकडे मोठे संघ
पोरांची नावं पुकारून घेतात, त्याआधी
उंची, वजन, डावरा की उजवा, जुनं दुखणं...
म्हणजे स्थळं बघतेस की, ती म्हणाली.
आणि पत्रिका?
जन्मतारीख तर सगळ्यात आधी, आई.

बर्फ मी पाहिला तो भद्रकालीत,
हातगाडीवर, गोणपाटाखाली, भुशात लोळलेल्या लाद्या.
फोडताना उडालेला तुकडा फ्रॉकला पुसून चोखायचा.
त्यावर कुणी उभं राहतं, वळतं,
उलटं पळत गडी हेरतं,
हे पहिला आठवडाभर डोक्यात शिरेना.
मग एका रात्री कळलं, अरे, हा तर खो-खोच.
वेग बघायचा नाही, हूल बघायची.
पाय बघायचे नाहीत, कंबर बघायची.
पाय खोटं बोलतात.
खैरनार मॅडम म्हणाल्या, तू खेळायचीस का काही?
नाही, मी म्हटलं.

सत्तावीस नंबरचा पोरगा.
डावरा, किरकोळ, पाच फूट नऊ.
आपल्यावर गोल झाला की
सगळे छताकडे नाहीतर एकमेकांकडे बघतात.
हा सरळ गोलरक्षकाकडे जातो,
त्याच्या पायावर काठीने दोनदा हळूच टकटक करतो.
सहा-शून्यने हरतानासुद्धा.
याला कळ नाही.
मी लाइट बिलाच्या पाठीवर रेघा ओढते,
एक्केचाळीस झाल्या.

काल त्याची फाइल बंद करायला सांगितलं.
जन्म सोळा सप्टेंबर, यादीची हद्द पंधरा.
पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षीचे लोक बघतील.

माझी जन्मतारीख एक जून.
सय्यद पिंप्रीच्या शाळेत वर्गातल्या एकवीस जणांची एक जून.
गुरुजींनी विचारलं, कधीची पोरगी?
आप्पा म्हणाले, घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशीची.
गुरुजींनी लिहिलं, एक जून.
त्या चार महिन्यांनी मी कागदावर सोळा ओलांडून बसले
आणि गोल्फ क्लबच्या मैदानावर
तीन मिनिटं नाबाद पळून, धापा टाकत,
गुडघ्याला माती, पगारे सरांसमोर उभी राहिले.
त्यांनी दाखला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला,
मग बोटभर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

एकवीस वर्षं मला वाटत आलं
की कुठल्यातरी कपाटात
माझ्याबद्दल एक वाक्य आहे.

आता तो रकाना रोज माझ्यासमोर असतो.
शेरा, चाळीस अक्षरं, सक्तीचा नाही.
बहुतेक वेळा आम्ही तो मोकळाच सोडतो,
लिहायला काही नसतं म्हणून नव्हे,
सात फाइली अजून बाकी असतात.

फाइल बंद करण्याआधी मी कर्सर तिथे नेला.
इंग्रजीत वाक्य जुळेना.
मराठीत लिहिलं,
हरताना हा आधी दुसऱ्याकडे जातो.
त्यांच्या यंत्राला आपली लिपी येत नाही.
पडद्यावर उमटले नुसते चौकोन,
एकाला एक लागून, कोरे,
भुशातून आत्ताच काढल्यासारखे.

खाली मार्केट यार्डाकडून कोथिंबिरीची गाडी गेली.
मी सेव्ह केलं.